संशय आहे, पुरावा नाही. कळवायचं का?

प्रश्न : मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गणपतीला मुंबईहून आलेल्या काकानं ‘घाण’ केलं, असं सातवीतल्या मुलीनं मला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेचं नाव खराब होईल, आधी गावकीत बसू.

उत्तर : बाई, बांधाचा वाद गावकीत मिटेल, हा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं (२०१२) पोलिसांना कळवणं तुम्हा दोघांवरही बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून तुम्ही सुटत नाही. गप्प राहिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हे कलम त्यांना आवाज न चढवता दाखवा.

मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. काका अजून घरात असेल तर जबाब घरी नको, हे पोलिसांना स्पष्ट सांगा. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीला) कळवायचं असतं; कळवलं का, विचारा. ‘विसर्जन झालं की जाईल तो’ असं घरचे म्हणतील. शिमग्याला तो परत येतोच.

प्रश्न : मालवणजवळच्या अंगणवाडीत सेविका आहे. एका खलाशाच्या चार वर्षांच्या मुलाच्या पोटरीवर चटक्यांचे डाग दिसतात. आई म्हणते, पडला. पुरावा काय देऊ?

उत्तर : पुरावा शोधणं तुमचं काम नाही. बिडीच्या टोकाएवढे, गोल, एकसारखे डाग पडून उठत नाहीत. त्यात काही जुने, काही ताजे असतील तर थांबूच नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा बाल कल्याण समितीला लेखी द्या. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच छळलं, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आणि कृपा करून डागांचे फोटो सेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : हापूसच्या बागेत नेपाळी राखणदाराची दोन मुलं दिवसभर एकटीच असतात. ही हेळसांड का?

उत्तर : नुसत्या गरिबीला हेळसांड म्हणू नये. आधी अंगणवाडी आणि शाळा दाखवा. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तापानं फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे नेत नाहीत, रात्री कोंडून जातात, असं दिसलं तर मात्र १०९८.

प्रश्न : पोक्सोची तक्रार खोटी ठरली तर? माझं नाव वाडीत फुटलं तर?

उत्तर : चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, आकसानं खोटं सांगणाऱ्याला. १०९८ वर नाव न सांगताही बोलता येतं. वाडीत अंदाज बांधले जातीलच, ते टळणार नाही. म्हणून शक्य असेल तर आशाताईंना किंवा दुसऱ्या शिक्षिकेला सोबत घेऊन, दोघींच्या सहीनं अर्ज द्या आणि पोच घ्या.