तुमचे प्रश्न: फवारल्यावर मावा परत दुप्पट का येतो?

प्रश्न: ताई, झाडांवर मावा आला म्हणून फवारणी केली. दोन दिवस झाडं एकदम स्वच्छ, आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त मावा! औषध बोगस निघालं का? आणि खरं सांगायचं तर हे सगळे किडे एकदाचे संपवले तर काय बिघडणार आहे?

उत्तर: औषधाने त्याचं काम केलं असणार, पण त्याने मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी ती बारीक कीड, मारली तसे माव्याला खाणारेही मारले, आणि सगळा घोळ तिथेच आहे. माव्याच्या मादीला उबदार दिवसांत नराची गरजच लागत नाही, ती अंडी न घालता थेट पिल्लंच देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढायला लागलेली असते, म्हणजे आई, मुलगी आणि नात एकाच अंगात! आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः पिल्लं द्यायला लागतं. उलट माव्याला खाणारा ढालकिडा, म्हणजे आपला लेडीबर्ड, त्याला अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तर फवाऱ्यातून चार मावा वाचले की त्यांना मैदान मोकळं मिळतं, खाणारा कोणी परत येईपर्यंत फांदी भरलेली असते.

हे मोठ्या प्रमाणावरही झालंय. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे (रस शोषणारे छोटे किडे) इतके वाढले की पिकंच्या पिकं करपली, आणि लक्षात काय आलं, तर फवारण्यांनी तुडतुडे खाणारे कोळी आणि किडे मेले होते. 1986 मध्ये सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले मित्रकिडे ओळखायला शिकवलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे औषध कमी करूनही भाताचं उत्पादन घसरलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळे किडे संपले तर आधी ताटाकडे बघा. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी साधारण 75 टक्के प्रकारांना कमी-जास्त प्रमाणात मधमाश्या, फुलपाखरं, माश्या अशा परागीभवन करणाऱ्या प्राण्यांची मदत लागते. गहू-भात-मका वाऱ्यावर किंवा स्वतःचं स्वतः भागवतात, पण फळं आणि तेलबिया बऱ्याच कमी होतील. बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतात, एकेक घरटं हजारो अळ्या फस्त करतं, त्या पक्ष्यांचं काय? शेण आणि मेलेली जनावरं कुजवून मातीत मिसळण्यातही किड्यांचा मोठा वाटा असतो. आणि ही भीती हवेतली नाही, जर्मनीत राखीव जागांमध्ये 27 वर्षं सापळे लावून उडणारे किडे गोळा केले आणि वजन केलं तर ते 75 टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं, 2017 मध्ये हे छापून आलं तेव्हा मी खरंच हादरले होते.

डासांचं म्हणाल तर तिथे कीव करायची गरज नाही, डेंग्यू-मलेरियाने माणसं मरतात. फक्त धुरापेक्षा पैदाशीच्या जागेवर घाव घाला. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, म्हणून साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करायचं आणि भांडं आतून घासायचं, नुसतं ओतून चालत नाही कारण अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

तुमच्या झाडांसाठी: कोवळ्या शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, युरिया कमी करा (जास्त नत्राने लुसलुशीत फूट येते आणि माव्याला तीच हवी असते), खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती तोडा, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. आणि काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर प्लीज चिरडू नका, तीच ढालकिड्याचं पिल्लू.