पूर, ओल आणि हादरे : नदीकाठच्या जुन्या वास्तूंबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न : पूर ओसरला. तळघरातलं पाणी मोठा पंप लावून आजच काढू का?

नाही. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. एक मीटर पाणी भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब देतं. आतलं पाणी गेलं की तो एकतर्फी होतो आणि भिंत आत ढासळते. फूटभर उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी चढलेली दिसली तर पंप बंद ठेवून अभियंत्याला बोलवा.

प्रश्न : हीटर लावून भिंती लवकर वाळतील?

वाळतील आणि तडकतीलही; दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

प्रश्न : भिंतीला लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर पांढरे क्षार वर आलेत. ठेकेदार म्हणतो, चुना खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग. दहा वर्षांची हमी देतो.

हा प्रश्न दर पुरानंतर येतो, आणि बहुतेक वेळा काम उरकल्यावर येतो. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल मग वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचून स्फटिक होतात, फुगतात आणि विटेचा, दगडाचा पृष्ठभागच सोलून काढतात. वरून गिलावा टणक दिसतो, मागे विटेची भुकटी झालेली असते. हमी गिलाव्याची मिळते, भिंतीची कोणी देत नाही.

वाळण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, म्हणजे दोन फुटी भिंतीला दोन वर्षंही लागतात. तोवर लोणा कोरड्या, मऊ ब्रशने झाडून गोळा करा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पातळ थरांत; प्रत्येक थर काही दिवस दमट ठेवा. प्रमाण जुन्या चुन्याचा नमुना तपासून संवर्धन वास्तुविशारदाकडून पक्कं करा.

प्रश्न : दाराला पुराच्या फळ्या किती उंच लावू?

साधारण 60 सेंटिमीटर. त्यापुढे पाणी अडवण्यापेक्षा आत येऊ देणं सुरक्षित असू शकतं, ते अभियंत्याने ठरवावं.

प्रश्न : ट्रक गेला की काचा थरथरतात. तडे त्यामुळेच?

थरथर जाणवली म्हणजे इजा झालीच असं नाही. नाजूक वास्तूंसाठी जर्मन मानकात पायाशी कमी वारंवारतेच्या, थोडा वेळ टिकणाऱ्या कंपनांच्या वेगाची मर्यादा सेकंदाला 3 मिलिमीटर आहे. माणसाला त्याच्या कितीतरी आधी हादरा कळतो. आधी रस्ता पाहा. खड्डा, खचलेलं गटाराचं झाकण, गतिरोधक यांवर चाक आपटतं. ते सपाट करून घ्या. मात्र पुराने पायाखालची माती वाहून गेली असेल, तर पाया तपासेपर्यंत अवजड वाहनं बंदच हवीत. तड्यावर मोजपट्टी लावून वर्षभर दरमहा नोंद ठेवा. ऋतूनुसार उघडमीट होत असेल तर घाई नको. एकाच दिशेने रुंदावत असेल तर नोंदवही घेऊन त्याच आठवड्यात संरचना अभियंत्याकडे जा.