किरणोत्सारी पदार्थ घातक असतात, तर मग वैज्ञानिक ते संशोधनात का वापरतात?

ते घातक असू शकतात, हे खरेच आहे; पण ज्या किरणांमुळे धोका निर्माण होतो, त्याच किरणांमुळे हे पदार्थ संशोधकांच्या कामीही येतात. एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. एखाद्या मूलद्रव्याचा किरणोत्सारी समस्थानिक रासायनिक क्रियांमध्ये त्याच्या स्थिर भावंडांसारखाच वागतो. वनस्पती साधा कार्बन जसा वापरते, तसाच जवळजवळ कार्बन-१४ हा त्याचा किरणोत्सारी समस्थानिकही वापरते. मात्र कार्बन-१४ चा अणू विघटनाच्या वेळी, म्हणजे आपोआप दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूत बदलताना, बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) बाहेर टाकतो आणि आपला ठावठिकाणा उघड करतो. चर्चा बहुधा अणुभट्ट्यांचीच होत असली, तरी मला विचाराल तर असा माग काढता येणे हाच या पदार्थांचा विज्ञानातील सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

या पद्धतीचा पाया हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी घातला. १९२३ साली त्यांनी किरणोत्सारी शिसे वापरून वनस्पती मुळांवाटे शिसे कसे शोषून घेतात हे तपासले. पुढे अमेरिकेतील बर्कली येथे रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्व्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवालाला कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला, काही सेकंदांतच ते शैवाल अल्कोहोलमध्ये सोडून त्यातील सर्व क्रिया थांबवल्या, त्यातून निघालेली संयुगे कागदावर द्रावकांच्या साहाय्याने वेगवेगळी केली आणि त्या कागदाला एक्स-रे फिल्म लावून ठेवली. जेथे कार्बन-१४ पोहोचला होता, तेथे फिल्मवर काळे ठिपके उमटले. वेळ जितका कमी दिला, तितके ठिपके कमी होत गेले आणि शेवटी फॉस्फोग्लिसरिक आम्लाचा ठिपका ठळकपणे उरला. प्रकाशसंश्लेषणात कार्बन प्रथम कोणत्या संयुगात जातो, याचे उत्तर असे मिळाले. कॅल्व्हिन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठीच.

दुसरा उपयोग कालमापनाचा. विघटनाचा वेग सर्वसाधारण तापमानाने, दाबाने किंवा रासायनिक बंधांनी व्यवहारतः बदलत नाही. कार्बन-१४ चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षे असल्यामुळे लाकूड, हाडे यांत उरलेल्या कार्बन-१४ वरून त्यांचे वय साधारण ५०,००० वर्षांपर्यंत ठरवता येते. त्याहून जुन्या नमुन्यात मोजण्याजोगा कार्बन-१४ उरतच नाही. फार जुन्या खडकांसाठी युरेनियम वापरता येते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४.४७ अब्ज वर्षे आहे आणि त्याच्या विघटन-साखळीच्या शेवटी शिसे तयार होते. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे सांगितले, ते उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजूनच.

आता धोक्याविषयी. तो कोणता समस्थानिक, किती मात्रेत आणि शरीराच्या आत की बाहेर, यावर अवलंबून असतो. रुग्णाच्या हाडांचे किंवा हृदयाचे चित्रण करण्यासाठी टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी समस्थानिक निवडतात, कारण त्याचे अर्धायुष्य केवळ ६ तासांचे असते आणि त्याचे गॅमा किरण शरीराबाहेरील कॅमेऱ्याला टिपता येतात. म्हणजे २४ तासांत त्याची किरणोत्सारिता मूळच्या सोळाव्या भागावर येते. काही भाग मूत्रावाटे निघून जातो, तो वेगळाच.