मतं तिसरा हिस्सा, जागा दोन हिस्से

ब्रिटनच्या निवडणूक पद्धतीबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. काही पुण्या-कोल्हापूरची आहेत, काही इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांची. निवडणूक पद्धती हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि वीस वर्षं मी इथे मतही देते आहे. त्यामुळे उत्तरांमध्ये माहितीबरोबर माझं मतही येईल. ही पद्धत बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३४ टक्क्यांहून कमी मतं पडली, तरी ४११ जागा मिळाल्या असं वाचलं. मोजणीत काही गडबड तर नाही? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

मोजणी चोख होते. गोची त्यानंतरच्या हिशेबात आहे.

ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक म्हणजे ६५० वेगवेगळ्या निवडणुका. प्रत्येक मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो खासदार. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. आपल्या लोकसभेची पद्धत हीच, आपण ती इथूनच घेतली.

एकच मतदारसंघ जवळून बघा. साउथ वेस्ट नॉरफोक. माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांची ही जागा २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या टेरी जर्मी यांनी ६३० मतांनी जिंकली. त्याची मोठी बातमी झाली. जर्मींना मिळालेली मतं मात्र २६.७ टक्के होती, हे फारसं कुणी सांगितलं नाही. म्हणजे दर चार मतदारांपैकी जवळजवळ तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. ती मतं मोजली गेली, गठ्ठे बांधले गेले, आणि तिथेच संपली. संसदेत त्यांचा मागमूस नाही.

असं देशभर झालं की काय होतं पाहा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६३ टक्के जागा. स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाला साधारण ४१ लाख मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, साधारण ३५ लाख मतं, पण जागा ७२. पाऊस सगळीकडे भुरभुरला तर विहीर भरत नाही. एकाच शिवारात कोसळला तर भरते. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं ठरावीक मतदारसंघांत एकवटलेली होती, रिफॉर्मची देशभर पसरलेली. एका खासदारामागे मजूर पक्षाची जेमतेम २४ हजार मतं लागली, रिफॉर्मची आठ लाखांवर.

मला सगळ्यांत खटकते ती दुसरीच तुलना. २०१७ मध्ये मजूर पक्षाला सुमारे १ कोटी २९ लाख मतं मिळाली आणि २६२ जागा. तो हरला. २०२४ मध्ये सुमारे ९७ लाख मतं आणि ४११ जागा. प्रचंड विजय! तीसेक लाख मतदार कमी झाले आणि जागा दीडपटीहून वाढल्या, कारण समोरची मतं हुजूर पक्ष आणि रिफॉर्ममध्ये फुटली. आणि हे आजचं नाही. १९५१ मध्ये मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं होती, तरी सरकार चर्चिल यांचं आलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमकं उलट झालं.

प्रश्न : आमच्याकडे पदवीधर मतदारसंघात उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालतो. ब्रिटनमधल्या सुधारणावाद्यांना हेच हवं आहे का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. दिसायला तीच पद्धत, पण एक फरक असा आहे की त्याने सगळा अर्थच बदलतो.

पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात जागा एकच असते. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीला जातात. जिंकणाऱ्याला व्यापक पाठिंबा लागतो, हे चांगलंच. पण निवडून येतो एकच, त्यामुळे अल्पमतातल्या गटाला जागा मिळत नाही ती नाहीच.

आता जून २०२२ची राज्यसभेची निवडणूक आठवा. तुमच्याच कोल्हापूरचे दोन उमेदवार समोरासमोर होते, धनंजय महाडिक आणि संजय पवार. जागा ६, वैध मतं २८४. सहा जागांना सात हा भाजक घ्यायचा. २८४ भागिले ७ केलं की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, येतो ४१च्या आत-बाहेर. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. तरी महाडिक निवडून आले. त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मतं होती, आणि कोट्यावरची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आली. त्या रात्री हा हिशेब टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. फोडाफोडी, नाराजी हे राजकारण बाजूला ठेवा. या गणितात विजेत्याची जास्तीची मतं वाया जात नाहीत आणि बाद झालेल्याचीही जात नाहीत. एका मतदारसंघातून अनेक जागा आणि मतदाराच्या हाती पसंतीक्रम, याला एकल संक्रमणीय मत म्हणतात. मला ब्रिटनसाठी हीच पद्धत हवी आहे.

ती इथे परकी नाही. उत्तर आयर्लंडची विधानसभा अशीच निवडली जाते, १८ मतदारसंघांतून प्रत्येकी ५ आमदार. स्कॉटलंडच्या स्थानिक परिषदा २००७ पासून अशाच. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकात ती शंभर वर्षं चालू आहे. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट : ब्रिटिश संसदेतही एके काळी पदवीधरांच्या जागा होत्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवीधरांचे प्रत्येकी दोन खासदार १९१८ पासून याच पसंतीक्रमाने निवडले जात. १९५० मध्ये त्या जागाच बंद झाल्या.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, दुसरा मार्ग पक्षाच्या यादीचा. वेल्सने २०२६च्या निवडणुकीपासून तो घेतला : १६ मतदारसंघ, प्रत्येकी ६, एकूण ९६ सदस्य. मतदार पक्षाला मत देतो, माणसं पक्षाने लावलेल्या क्रमाने निवडून येतात. जागांचं प्रमाण त्यामुळे सुधारतं, हे खरं. पण यादीत वर कोण, खाली कोण हे पक्ष कार्यालयात ठरतं. नको असलेल्या माणसाला त्याच पक्षात राहून पाडण्याची सोय मतदाराला राहत नाही. मला हे पटत नाही. पक्षाला शिस्त लावण्याचं हत्यार मतदाराच्याच हातात हवं.

प्रश्न : २०११ मध्ये ब्रिटिश जनतेने सार्वमतात सुधारणा फेटाळली होती ना? मग पुन्हा तोच विषय कशाला? (वाचक, नाशिक)

फेटाळली, आणि सपशेल. ६७.९ टक्के विरोधात, ३२.१ टक्के बाजूने. पण मतपत्रिकेवर प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हतंच. होती ती वर सांगितलेली एका जागेची पसंतीक्रम पद्धत. २०१०च्या आघाडी सरकारात हुजूर पक्ष तेवढंच द्यायला तयार होता आणि लिबरल डेमोक्रॅट्सनी ते पदरात पाडून घेतलं. त्यांचेच नेते निक क्लेग यांनी निवडणुकीआधी या पद्धतीला दयनीय तडजोड म्हटलं होतं. ज्या सुधारणेवर सुधारणावाद्यांचाच जीव नाही, तिच्यासाठी लोक घराबाहेर पडतील कसे? मतदान झालं ४२ टक्के. खरा प्रश्न जनतेला अजून विचारलाच गेलेला नाही.

प्रश्न : प्रमाणशीर पद्धत आली तर रिफॉर्मसारख्या पक्षांचं फावेल. आम्ही स्थलांतरित कुटुंब आहोत. तुम्हाला याची भीती वाटत नाही? (वाचक, लेस्टर)

वाटते. मीही स्थलांतरितच आहे, आणि त्या पक्षाची स्थलांतराबद्दलची भाषा मला अस्वस्थ करते. हिशेब सरळ आहे. १४.३ टक्के मतांच्या प्रमाणात त्यांना ५ ऐवजी ९० हून अधिक जागा मिळाल्या असत्या.

तरीही मी प्रमाणशीर पद्धतीच्याच बाजूने आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक तत्त्वाचं. ४१ लाख लोकांना संसदेत जवळजवळ आवाजच नाही, तर त्यांची तक्रार संपत नाही, ती आणखी कडू होते. त्यांच्या मताची किंमत माझ्या मताइतकीच असायला हवी, नाहीतर उद्या माझ्या मताबद्दल मी कुठल्या तोंडाने बोलू?

दुसरं कारण व्यवहाराचं, आणि तुमच्या भीतीला खरं उत्तर त्यातच आहे. आजची पद्धत अतिरेकी पक्षाला दूर ठेवते ती तो लहान असेपर्यंतच. मतं पाच पक्षांत फुटली की तिशीच्या घरातली मतं मिळवणारा कुठलाही पक्ष एकट्याने पूर्ण बहुमत घेऊ शकतो, मजूर पक्षाने घेतलं तसंच. मग त्याला कुणाशी बोलावं लागत नाही, कुणाचं ऐकावं लागत नाही. प्रमाणशीर सभागृहात तीस टक्केवाल्याला उरलेल्या सत्तर टक्क्यांतून सोबती शोधावे लागतात. लहान समाजाला त्यातच संरक्षण आहे.

तुमच्या शहरातलंच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये हुजूर पक्ष देशभर कोसळत असताना त्याने लेस्टर ईस्ट ही एकच जागा नव्याने मिळवली, साधारण ३१ टक्के मतांवर. मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार होताच, शिवाय त्याच पक्षाचे पूर्वीचे दोन खासदारही त्याच्याविरुद्ध उभे होते, एक अपक्ष म्हणून आणि एक ‘वन लेस्टर’ या पक्षाकडून. मतं वाटली गेली. निवडून आलेल्या खासदार चांगलं काम करतात की नाही हा वेगळा प्रश्न. पण जवळजवळ सत्तर टक्के लेस्टर ईस्टने ज्यांना निवडलं नाही, त्या अख्ख्या लेस्टर ईस्टच्या एकट्या प्रतिनिधी आहेत. पाच जागांचं एकत्र लेस्टर असतं तर प्रत्येक मोठ्या गटाचं कुणी ना कुणी पोचलं असतं, आणि तुम्हाला तुमचा प्रश्न घेऊन कुणाच्या दारात जायचं याचा पर्यायही राहिला असता.

प्रश्न : ज्यांना या पद्धतीचा फायदा होतो तेच सत्तेवर असतात. ते ती का बदलतील? (वकील, नागपूर)

गाडं इथेच अडलं आहे. मजूर पक्षाच्या परिषदेने २०२२ मध्ये प्रमाणशीर पद्धतीच्या बाजूने ठराव केला. नेतृत्वाने तो बाजूला ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅट खासदार सारा ओल्नी यांचं या विषयावरचं विधेयक मांडण्याची परवानगी सभागृहाने १३८ विरुद्ध १३६ मतांनी दिली. तेवढंच. सरकारने वेळ दिल्याशिवाय असं खासगी विधेयक पुढे सरकत नाही.

पण न्यूझीलंडमध्ये बदल झाला. तिथेही ब्रिटनचीच पद्धत होती. १९७८ आणि १९८१, सलग दोनदा, कमी मतं मिळवलेला नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला पाचातलं एक मत मिळालं आणि जागा दोन. लोकांचा विश्वास उडाला. १९८६ मध्ये शाही आयोगाने पद्धत बदलण्याची शिफारस केली. मोठ्या पक्षांनी टाळाटाळ केली, पण एकमेकांवर कुरघोडी करताना सार्वमताचं आश्वासन देऊन बसले, आणि १९९३ मध्ये लोकांनी बदल मंजूर केला. तिथल्या मजूर पक्षाला, म्हणजे एका मोठ्या पक्षालाच, सलग दोनदा चटके बसले होते. ब्रिटनमध्ये आता तीच वेळ जवळ येते आहे. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट आघाडीला २५ टक्क्यांवर मतं मिळून २३ जागा मिळाल्या, तेव्हा मोठे दोघे खुशीत होते. आता २५ टक्क्यांच्या खाली कोण घसरेल याची खात्री त्या दोघांनाही नाही.

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी नोकरीच्या व्हिसावर आलो. पासपोर्ट भारतीय आहे. मला मत देता येत नाही, मग या सगळ्याशी माझा काय संबंध? (वाचक, रेडिंग)

देता येतं! हे इथल्या कितीतरी मराठी मुलांना ठाऊकच नसतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीर परवान्यावर इथे राहत असेल आणि १८ वर्षांचा असेल, तर तो संसदेच्या निवडणुकीतही मतदार होऊ शकतो. भारत राष्ट्रकुलात आहे. विद्यार्थी असाल तरी चालतं. तुमच्या भारतीय नागरिकत्वाला त्याने धक्का लागत नाही.

मतदार नोंदणी ऑनलाइन होते, पाचेक मिनिटांत. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी ती झालेली हवी. २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. एका मताने काय होतं असं वाटत असेल तर सांगते. २०२४ मध्ये लंडनच्या हेंडनची जागा १५ मतांनी गेली. आणि १८९२ मध्ये मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून खासदार झाले ते ५ मतांनी.

मी पहिल्यांदा मत दिलं ते चर्चच्या हॉलमध्ये. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. घडीच्या टेबलावर दोन बायका छापील यादीवर पट्टी ठेवून नावं खोडत होत्या. प्लायवूडच्या आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल. नावापुढे फुली मारायची, कागदाची घडी घालायची, पेटीत टाकायचं. आकडे घालू नका, इथे अजून एकच फुली चालते. पेन्सिलीवर भरवसा नसेल तर स्वतःचं पेन नेलं तरी चालतं.