अल्टिमेट फ्रिस्बी शिकताना सुरुवात कशापासून करावी?

तुम्ही विचारलंय की फ्रिस्बी थोडीफार फेकता येते, आता अल्टिमेट खेळायचंय, तर आधी लांब थ्रोचा सराव करावा का? माझ्या मते नको. डिस्क, म्हणजे फ्रिस्बीची थाळी, हातात नसताना काय करायचं ते आधी शिका. संघात 7 जण आणि डिस्क एकच, त्यामुळे बहुतेक वेळ तुम्ही रिकाम्या हातांनीच धावत असता.

नियम थोडक्यात सांगतो. मैदान 100 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद, दोन्ही टोकांना 18-18 मीटरचे एंड झोन. समोरच्या एंड झोनमध्ये पास झेलला की एक गुण. डिस्क घेऊन पळता येत नाही. झेलल्यावर लवकरात लवकर थांबायचं, एक पाय रोवायचा आणि त्याच पायावर फिरत पास द्यायचा. मार्कर, म्हणजे डिस्कवाल्यासमोर उभा राहून त्याला अडवणारा खेळाडू, मोठ्याने 10 पर्यंत मोजतो, त्याचा 'दहा' सुरू व्हायच्या आत डिस्क हातातून सुटली पाहिजे. ती जमिनीवर पडली, मैदानाबाहेर गेली किंवा अडवली गेली, तर ताबा दुसऱ्या संघाकडे जातो.

आता धावण्याबद्दल. सुरुवातीला मी थ्रोअरच्या जवळ जाऊन हात वर करून पास मागत उभा राहायचो. त्याने होतं काय, तर माझा डिफेंडरही तिथेच येतो आणि दोघे मिळून पासची वाट बंद करतो. यासाठीच बहुतेक संघ मैदानाच्या मधोमध एका रांगेत उभे राहतात. त्याला स्टॅक म्हणतात. रांगेतून एकाने जोरात कट मारायचा. दोन-तीन पावलं खोल, म्हणजे डिस्कपासून लांब, पळून, डिफेंडर मागे लागला की झटकन वळून डिस्ककडे यायचं. पास नाही मिळाला तर तिथे रेंगाळायचं नाही, कडेने परत रांगेत जायचं, म्हणजे पुढच्याला जागा मिळते. हे परत जाणं कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण चांगला खेळाडू मी त्यावरूनच ओळखतो.

थ्रोमध्ये बॅकहँड, म्हणजे हात अंगावरून आडवा नेऊन मारायचा नेहमीचा थ्रो, बहुतेकांना येतोच. वेळ फ्लिकला, म्हणजे फेकत्या हाताच्याच बाजूने मनगटाच्या झटक्याने मारायच्या थ्रोला, द्या, नाहीतर मार्कर तुमची एकच बाजू अडवून मोकळा होतो. मधलं बोट आतल्या कडेला घट्ट टेकवा, तर्जनी त्याच्या शेजारी, अंगठा वर. कोपर कमरेजवळ, तळवा आकाशाकडे, डिस्कची बाहेरची कड किंचित खाली. मग ओल्या हाताचं पाणी झटकतो तसा मनगटाला झटका द्या. डिस्क हवेत डगमगत असेल तर फिरकी कमी पडतेय. अशा वेळी आपण दंडाचा जोर वाढवतो आणि डगमग आणखी वाढते. 10 मीटरवर जोडीदार उभा करून रोज शंभरेक थ्रो मारा. झेलताना एक हात वर, एक खाली, थाळी दाबून धरल्यासारखी डिस्क पकडा.

आणखी एक. 1968 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या शाळकरी मुलांनी हा खेळ सुरू केला. आज त्याच्या जागतिक स्पर्धांमध्येही निर्णय खेळाडूच घेतात. फाउल झाला असं वाटणारा तो पुकारतो, समोरच्याला पटलं नाही तर सहसा डिस्क थ्रोअरकडे परत जाते. म्हणून नियम नीट वाचूनच मैदानात उतरा. एकदा आमच्याविरुद्ध एकाने शेवटच्या गुणासाठी सुंदर झेल घेतला. आम्ही हस्तांदोलनाला पुढे झालो, तर तो म्हणाला, "माझा पाय रेषेवर होता." रेषा म्हणजे मैदानाबाहेर. त्याने डिस्क खाली ठेवली आणि आम्ही पुढे खेळलो.