आयुष्य क्षणभंगुर आहे हे पटले. मग अनंतकाळाची तयारी म्हणजे नेमके काय करायचे?

आपण लिहिले आहे की तीन महिन्यांपूर्वी आपल्याच वयाचा, ४३ वर्षांचा, एक सहकारी रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही, आणि तेव्हापासून दिवा मालवला की आपले मन त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहते. आपला बाप्तिस्मा लहानपणी झाला, पण उपासनेला जाणे केव्हाच सुटले. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: अनंतकाळाची तयारी म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, त्याला आता उशीर झाला आहे का, आणि निव्वळ मरणाच्या भीतीने देवाकडे वळणे हा अप्रामाणिकपणा नाही का. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानाचा अभ्यासकही नाही. मंडळीतला ६१ वर्षांचा एक साधा सभासद आहे. तरीही उत्तर लिहायला बसलो, कारण तयारी न करता राहिल्याने काय होते ते मला माझ्या थोरल्या भावाच्या मृत्यूने शिकवले.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच आपल्याला दाराबाहेर थांबवून ठेवत असावा. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन दूर देशी गेला आणि तो उधळून बसला. तो घरी परतला तो बापावरच्या प्रेमाने नव्हे. तो परतला भुकेने. बापाच्या मोलकऱ्यांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते आणि आपण इथे उपाशी मरतो आहोत, एवढाच त्याचा हिशेब होता. वाटेत त्याने क्षमायाचनेचे शब्दही मनाशी जुळवून ठेवले होते आणि त्यांचा शेवट होता, ‘मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा.’ परंतु मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, धावत जाऊन मिठी मारली, आणि मुलाने ठरवलेले बोलायला सुरुवात केली तेव्हा ते शेवटचे वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधीच बापाने चाकरांना उत्तम झगा आणायला सांगितले. त्या घराच्या उंबरठ्यावर कोणीही त्याला तू कोणत्या हेतूने आलास असे विचारले नाही. तेव्हा भीतीने का होईना, आपण निघाला असाल तर निघावे. हेतू शुद्ध होण्याचे काम घरात शिरल्यावर होते, आणि त्याला वर्षे लागतात.

आता आयुष्याच्या थोडकेपणाविषयी. पवित्र शास्त्र या बाबतीत आपली समजूत घालत नाही, हे मला नेहमीच त्याच्या खरेपणाचे लक्षण वाटत आले आहे. बायबलमधल्या उपदेशकाच्या ग्रंथात ‘व्यर्थ, व्यर्थ’ असे जे वारंवार येते, त्याच्या मुळाशी ‘हेवेल’ हा इब्री शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ वाफ किंवा श्वास असा आहे: आहे हे दिसते, पण मुठीत धरता येत नाही. आदामाच्या ज्या मुलाला आपण हाबेल म्हणतो त्याचे नाव इब्रीत अगदी हाच शब्द आहे, आणि बायबलमध्ये ज्याच्या मृत्यूची पहिली नोंद आहे तो माणूस हाच. याकोबही आपल्या पत्रात तेच म्हणतो: तुम्ही वाफ आहात, ती थोडा वेळ दिसते आणि मग दिसेनाशी होते.

स्तोत्रसंहितेतले नव्वदावे स्तोत्र, ज्याच्या शीर्षकात मोशेचे नाव आहे, आयुष्य ७० वर्षांचे आणि शक्ती असल्यास ८० वर्षांचे धरते. ७० वर्षांचे दिवस साधारण २५,५६७ भरतात; आपल्या वाट्याचे १५,७०० च्या वर दिवस होऊन गेले आहेत. मात्र उरलेल्या दिवसांचा आकडा कोणालाच मांडता येत नाही, आणि म्हणूनच स्तोत्रकर्ता त्या आकड्याची विचारणा करीत नाही. तो म्हणतो, ‘आम्हांला आमचे दिवस असे गणण्यास शिकव की आम्हांला सुज्ञ अंतःकरण प्राप्त होईल.’ म्हणजे हे गणित स्वतःहून येत नाही, ते देवाकडून शिकावे लागते. गेल्या तीन महिन्यांत आपण दिवस गणू लागला आहात. ती गणती आज आपल्याला घाबरवते आहे. परंतु हीच गणती देवासमोर बसून केली तर ती प्रार्थना ठरते, असे हे स्तोत्र सांगते.

ही गणती मी कशी चुकवली ते आता सांगतो. वडिलांच्या मागे घराच्या वाटणीवरून माझे आणि दादाचे बिनसले. सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या काळात मी दर रविवारी उपासनेला जात होतो, प्रभुभोजन घेत होतो, प्रभूच्या प्रार्थनेतले ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे मोठ्याने म्हणत होतो. चौथ्या वर्षी मी दादाला एक पत्र लिहिले आणि ते टेबलाच्या खणात ठेवले. येत्या नाताळाला पाठवू, असे मनाशी म्हटले. मग पुढच्या नाताळाला. एका दुपारी तो हृदयविकाराने गेला. मी दफनविधीला गेलो तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होते. नंतर वहिनींनी मला सांगितले की या सहाही वर्षांत दादा रोज रात्री माझे नाव घेऊन प्रार्थना करीत असे. मृत्यू ज्याच्या दारी आला तो तयार होता. तयार नव्हतो तो मी.

लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख धनवानाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो, पण येशूने तो कशावरून सांगितला हे मी तोवर कधी नीट वाचले नव्हते. गर्दीतला एक माणूस येऊन म्हणतो, गुरुजी, मला माझ्या वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. त्या मागणीला उत्तर म्हणून हा दृष्टान्त येतो. त्यातला धनवान चोर नाही, लबाड नाही. त्याच्या जमिनीला भरपूर पीक आले, एवढेच. मात्र तो सबंध गोष्टीत स्वतःशिवाय कोणाशीही बोलत नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा माल, आणि शेवटी स्वतःच्या जिवाला उद्देशून, ‘तुला पुष्कळ वर्षे पुरेल इतका माल ठेवलेला आहे.’ तो ‘पुष्कळ वर्षे’ म्हणतो आणि देव म्हणतो, ‘आज रात्री’ तुझा जीव मागितला जाईल. दादाच्या दफनानंतर हा अध्याय वाचताना मला कळले की मीही त्या खणातल्या पत्राला पुष्कळ वर्षे देऊन बसलो होतो.

मग तयारी म्हणजे काय? पुष्कळ जण, विश्वासणारेसुद्धा, तिच्याकडे पुण्याच्या शिलकीसारखे पाहतात: सत्कृत्ये साठवावीत आणि शेवटी हिशेब जुळावा. ख्रिस्ती विश्वास असे शिकवत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल स्पष्ट म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे, कोणाला त्याचा अभिमान मिरवता येणार नाही. माझ्या मते या प्रश्नाची किल्ली योहानाच्या सतराव्या अध्यायात आहे. अटक होण्याच्या आदल्या घटकांमध्ये येशू पित्याशी बोलताना म्हणतो की सार्वकालिक जीवन हेच आहे की, तू जो एकच खरा देव त्या तुला आणि ज्याला तू पाठवलेस त्या येशू ख्रिस्ताला त्यांनी ओळखावे. ही व्याख्या काळाच्या लांबीने केलेली नाही, ओळखीने केलेली आहे. अनंतकाळ ज्याच्या सहवासात घालवायचा त्याच्याशी आजपासून ओळख करून घेणे, ही ती तयारी. शुभवर्तमान वाचणे, प्रार्थना करणे, पश्चात्ताप करणे, क्षमा मागणे व करणे, दुर्बलांची सेवा करणे हे सारे त्या ओळखीतून येते आणि ती ओळख वाढवते. ओळख एका दिवसात दाट होत नाही, म्हणून लवकर सुरुवात करायची. बाकी घाई करण्याचे दुसरे कारण नाही.

दहा कुमारींच्या दृष्टान्तातला एक तपशील आपल्यासारख्या झोप उडालेल्या माणसासाठी मुद्दाम सांगतो. येशूच्या या गोष्टीत दहा जणी दिवे घेऊन वराची वाट पाहत असतात; पाच शहाण्या, पाच मूर्ख. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या, शहाण्या पाचही झोपल्या. मध्यरात्री हाक आली तेव्हा फरक इतकाच होता की शहाण्यांच्या भांड्यांत दिव्यांसाठी तेल होते. रात्रभर डोळे ताणून जागत बसणे ही तयारी नाही. ज्याने दिवसा तेल भरून ठेवले आहे त्याला रात्री निश्चिंत झोपण्याची मुभा आहे. आणि ते तेल उसने मिळत नाही. माझा दादा माझ्यासाठी प्रार्थना करू शकत होता, पण माझे पत्र तो टाकू शकत नव्हता.

१५१९ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने मरणाच्या तयारीविषयी एक प्रवचन प्रसिद्ध केले. त्याची सुरुवात फार व्यवहारी आहे: आधी मालमत्तेची नीट व्यवस्था लावा, म्हणजे मागे राहिलेल्यांत भांडणे होणार नाहीत, मग ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांना क्षमा करा आणि ज्यांना आपण दुखावले त्यांची क्षमा मागा, आणि मग दृष्टी पूर्णपणे देवाकडे लावा. याच प्रवचनात तो असेही म्हणतो की मरणाचा विचार ते दूर असताना, धडधाकट असताना करावा, आणि प्रत्यक्ष मरणघडीला मात्र मरणाकडे न पाहता ख्रिस्ताकडे पाहावे, कारण ख्रिस्तामध्ये मरण जिंकले गेलेले आहे. मरणाला तो जन्माची उपमा देतो: बाळ आईच्या उदरातल्या अंधाऱ्या, अरुंद जागेतून मोठ्या कष्टाने या विस्तीर्ण जगात येते, तसेच मनुष्य या जगातून त्याहून विस्तीर्ण अशा जीवनात जातो. हे वाचताना मला वाईट वाटले ते याचे की लूथरची पहिली दोन कामे नेमकी तीच होती, जी आमच्या घरात कोणी केली नव्हती.

तयारी म्हणजे जगापासून मन काढून घेणे, असाही एक समज आहे आणि तो मला पटत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल आपला प्रयाणकाळ जवळ आल्याचे सांगतो, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे असे म्हणतो, आणि काही ओळींनंतर त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे घेऊन ये असे लिहितो. शक्यतो हिवाळ्यापूर्वी ये, अशी विनंतीही करतो. मरणाला सिद्ध झालेल्या माणसाला थंडी वाजते, वाचायला हवे असते, मित्र जवळ हवा असतो. पवित्र शास्त्राला त्यात काहीही गैर दिसत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही त्यांनी हे काम खाली ठेवले नाही. दुःख करण्यालाही या विश्वासात पूर्ण जागा आहे. मरण पावलेला आपला मित्र लाजर याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणीचे रडणे पाहून रडला, तेव्हा आपल्या सहकाऱ्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी येत असेल तर ते अविश्वासाचे चिन्ह समजू नये.

न्यायाविषयी गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही. माणसांना एकदाच मरणे व त्यानंतर न्याय होणे नेमून ठेवले आहे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल. कोणी सोन्यारुप्याने बांधलेले असेल, कोणी गवताने व पेंढ्याने. ज्याचे काम जळेल तोही स्वतः तारला जाईल, पण अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. माझ्या त्या सहा वर्षांपैकी पुष्कळसे पेंढ्यासारखे जळून जाईल हे मी मान्य केले आहे. मला धीर आहे तो एवढ्याचा की न्याय करणाऱ्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

उशीर झाला का, याचे उत्तर येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराने देऊन ठेवले आहे. त्याच्यापाशी सुधारण्यासाठी दिवस नव्हते, भरपाई करायला हात मोकळे नव्हते. ‘माझी आठवण करा’ एवढेच तो येशूला म्हणाला, आणि त्याला ‘आज’ हा शब्द मिळाला: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आपल्याकडे त्याच्यापेक्षा अधिक वेळ आहे असे आपण दोघेही धरून चालतो आहोत, पण त्याची खात्री आपल्यापैकी कोणालाच नाही.

म्हणून माझी विनंती अशी की आज रात्री दिवा मालवण्याआधी लूकचा पंधरावा अध्याय मोठ्याने वाचावा आणि मनात जे असेल, भीती असेल तर भीती, ते देवाला साध्या शब्दांत सांगावे. कोणाशी अबोला असेल तर फोन उचलावा. पत्र लिहिलेत तर ते त्याच दिवशी टाकावे. आणि येत्या रविवारी उपासनेला जावे. इतक्या वर्षांनी पुढे जाऊन बसायला संकोच वाटेल, तर अगदी मागच्या बाकावर दाराजवळ बसावे. दादा गेल्यानंतर सहा महिने मीही तिथेच बसत होतो, आणि तिथूनही सारे ऐकू येते.