आजी पाणी घालायची, की आजीने पाणी घातलं?

प्रश्न : ताई, माझी मुलगी मेक्सिकोत, ग्वादालाहारा इथे असते. नातवाशी बोलता यावं म्हणून एकसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकते आहे. 'माझी आजी रोज तुळशीला पाणी घालायची' या वाक्यात मी 'रेगो' लिहिलं. नातवाने खोडून 'रेगाबा' केलं आणि म्हणाला, हा 'कोप्रेतेरितो'. माझ्या वहीत तर 'इम्पेर्फेक्तो' आहे. हे दोन वेगळे काळ आहेत का? रूपं कशी करायची?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नातू बरोबर आहे आणि तुमची वहीही. काळ एकच, नावं दोन. आंद्रेस बेयो यांनी 1847 साली लॅटिन अमेरिकेतल्या लोकांसाठी व्याकरण लिहिलं, त्यात त्यांनी याला 'कोप्रेतेरितो' म्हटलं. मेक्सिकोच्या शाळेत अजून तेच चालतं.

आता रूपं. 'रेगार' म्हणजे पाणी घालणं. शेवटचा 'आर' काढा, 'रेग' उरतो. मग मी रेगाबा, तू रेगाबास, ती रेगाबा, आम्ही रेगाबामोस, ते रेगान नव्हे, रेगाबान. ('रेगान' म्हणजे 'ते पाणी घालतात' असं वाटेल, पण तेही चुकीचं, वर्तमानात होतं 'रिएगान'.) वर्तमानात हा धातू असा आतून वळतो, इथे मात्र जागचा हलत नाही. स्पेनमधल्या मित्रमंडळींसाठी 'तुम्ही रेगाबाइस' असं आणखी एक रूप आहे, पण ग्वादालाहारात ते कुणी बोलत नाही. तिथे 'तुम्ही'लाही 'रेगाबान'च. जोर सगळीकडे 'गा'वर. त्यावर जोराची खूण मात्र फक्त 'रेगाबामोस'मध्ये लिहायची. आणि 'बा' लिहिताना 'बी', 'व्ही' नाही. माझ्या मडगावच्या मामेसासूबाई पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्या 'रेगावा' म्हणायच्या, कारण पोर्तुगीजमध्ये 'व्ही' आहे. त्यांच्यामुळे माझे बरेच गुण गेले.

'एर' आणि 'इर'वाले धातू इथे एकत्र नांदतात. 'कोमेर', खाणं : कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआन. 'बिबिर', राहणं : बिबीआ, बिबीआस, तसंच पुढे. यात 'ई'वर खूण प्रत्येक रूपात, विसरू नका.

'मी' आणि 'ती' सारखेच कसे, म्हणून घाबरू नका. आपल्या कहाणीत 'तो रोज नदीवर जाई, आंघोळ करी' असं येतं ना? मी करी, तू करीस, तो करी. आपलंही 'मी' आणि 'तो' एकच, आणि 'तू'ला 'स'! मी वर्गात इथूनच सुरुवात करते. संदर्भावरून कळत नसेल तर स्पॅनिशमध्ये 'यो' किंवा 'एया' जोडतात.

'रेगो' का खोडलं? 'रेगो' म्हणजे 'घातलं', एकदा, झालं संपलं. मराठीत 'घालायची', 'घालत असे', 'घालत होती' यातलं काही बसत असेल तर स्पॅनिशमध्ये बहुधा हाच काळ. तो काम संपलं की नाही ते सांगतच नाही. माझी फजिती ऐका. स्पेनमधल्या सालामांका शहरात घरमालकीणबाईंना मी सांगितलं, मी दहा वर्षांची असताना आजी 'से मोरीआ'. मला म्हणायचं होतं, वारली. त्यांनी काळजीने विचारलं, 'मग? बऱ्या झाल्या का?' मी सांगितलं होतं, आजी मरत होती. 'मुरिओ' हवं होतं.

'तेनेर' (जवळ असणं), 'आसेर' (करणं), 'पोदेर' (शकणं) हे वर्तमानात छळणारे धातूसुद्धा इथे सरळ : तेनीआ, आसीआ, पोदीआ. अख्ख्या भाषेत वाकडे धातू तीनच. 'सेर' (असणं) याचं एरा, 'इर' (जाणं) याचं इबा, 'बेर' (पाहणं) याचं बेईआ. एवढे तीन पाठ करा.

आणि आजच नातवाला विचारा, 'दे चिकीतो, के कोमीआस?' लहानपणी काय खायचास? तो सांगेल ते बहुतेक ह्याच काळात असेल, नुसतं कान देऊन ऐका.